आंबेमोहराचा परिमळ : मुळशीचे भात आणि गंधाच्या शोधाची कथा

मराठी माणसाने आपल्या एका तांदळाचे नाव दुसऱ्याच झाडाच्या फुलोऱ्यावरून ठेवले आहे. आंबेमोहर म्हणजे आंब्याचा मोहर. माघ-फाल्गुनात आमराईतून जाताना जो गोडसर, किंचित उग्र वास येतो, त्याची आठवण ज्या भाताच्या वाफेने होते, तो आंबेमोहर. हे नाव ज्याने प्रथम उच्चारले त्याचा पत्ता इतिहासाला नाही. तो कोणी पंडित नसावा. शेतात राबणारा कुणबी किंवा चुलीपुढे बसलेली त्याची घरधनीण असावी. पण नाव ठेवताना त्या अनामिकाने मोठीच गोष्ट केली. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, असा एक गुण त्याने ओळखला, दुसऱ्या गुणाशी ताडून पाहिला आणि शब्दात पकडला. रसायनशास्त्राला तेवढे करण्यासाठी पुढे विसावे शतक उलटत येईपर्यंत वाट पाहावी लागली.

आंबेमोहराचे माहेर म्हणजे सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची मावळी खोरी, आणि त्यांत मुळशीचे खोरे अग्रगण्य. मुळा आणि नीला या नद्यांच्या काठची ही भूमी. पावसाळ्यात येथे आभाळ जमिनीला टेकते. डोंगरउतारावर नाचणी आणि वरई, खाली बांध घालून तयार केलेली भाताची खाचरे, वैशाखात भाजलेले राब, आषाढातली लावणी, असा येथील शेतीचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. पेशवाईत पुण्याच्या श्रीमंतांच्या पंगतीला हाच तांदूळ असे, अशी परंपरा सांगितली जाते. श्रीमंतांचे राहो, महाराष्ट्रातील घराघरांत बाळाचे उष्टावण, आजाऱ्याची पेज आणि म्हाताऱ्यांचा मऊ भात यांसाठी आंबेमोहराची आठवण होत असे. आयुष्याच्या दोन्ही टोकांना ज्याची सोबत, असे हे अन्न.

या तांदळाच्या सुवासाचे मर्म काय? तो दाण्यात कोठून येतो, हवेतून नाकात कसा शिरतो आणि नाकातून मनात कसा पोहोचतो? या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता मनुष्याने सुमारे अडीच हजार वर्षे घालविली. त्या प्रवासाचा थोडक्यात आढावा घ्यावा आणि ज्या मातीतून हा परिमळ उठतो तिचेही स्मरण करावे, असा या लेखाचा हेतू आहे.

प्राचीनांचे अनुमान

आपल्याकडे कणादाच्या वैशेषिक दर्शनाने गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला. जल, तेज, वायू यांना स्वतःचा गंध नाही; त्यांत गंध जाणवला तर तो त्यांत मिसळलेल्या पार्थिव अंशाचा, असा त्या दर्शनाचा सिद्धांत. घ्राणेंद्रियही म्हणूनच पार्थिव. संस्कृतात वाऱ्याला ‘गंधवह’ असे एक नाव आहे. गंध वाऱ्याचा नव्हे, वारा केवळ त्याचा वाहक, हा विचार त्या एका शब्दात सामावला आहे. पहिल्या पावसाने तापलेली जमीन भिजली म्हणजे जो दरवळ उठतो, तो अनुभवणाऱ्या देशात हा सिद्धांत जन्मावा, यात नवल नाही.

पश्चिमेकडे ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात लुक्रेशियस या रोमन कवीने असे मांडले की, प्रत्येक वासाच्या वस्तूतून सूक्ष्म कण सुटतात. सुखद वासाचे कण गुळगुळीत, तर त्रासदायक वासाचे कण आकडेदार असतात. ॲरिस्टॉटलने घ्राणेंद्रियाला पाच इंद्रियांच्या मधोमध स्थान दिले होते. दृष्टी आणि श्रवण यांना वस्तूला न शिवता दुरून ज्ञान होते, स्पर्श आणि चव यांना वस्तू थेट भिडावी लागते. गंध या दोहोंच्या सीमेवर उभा. आज आपल्याला कळते की गंधही एक प्रकारचा स्पर्शच आहे, कारण वस्तूचा अंश खरोखरीच आपल्या नाकात येऊन टेकतो.

ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी गंधाकडे थोडे दुरूनच पाहिले. संत अगस्तीन आपल्या ‘कन्फेशन्स’ ग्रंथात इंद्रियांच्या मोहांचा एकेक हिशेब मांडतात. पण सुगंधाच्या मोहाची आपल्याला फारशी चिंता वाटत नाही, असे सांगून ते पुढे जातात. बायबल मात्र गंधाला मानाचे पान देते. निर्गमाच्या ग्रंथात मंदिरातील धूप कोणत्या द्रव्यांचा करावा, याची सविस्तर आज्ञा आहे. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांच्या तीन भेटींपैकी ऊद आणि गंधरस या दोन भेटी वासाच्याच आहेत. बेथानी गावी मरियेने प्रभूच्या चरणांना जटामांसीचे अस्सल तेल लावले तेव्हा सारे घर त्या वासाने भरून गेले, अशी नोंद संत योहानाने केली आहे. ही जटामांसी आपल्या हिमालयात उगवणारी वनस्पती, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

आपल्या मराठी भाषेच्या इतिहासातही गंधाचा एक मानाचा प्रसंग आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विट धर्मगुरूंनी १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठीची थोरवी गाताना तिला फुलांमधील मोगऱ्याची आणि सुवासांमधील कस्तुरीची उपमा दिली. परक्या देशातून आलेल्या माणसाला आपली भाषा प्रथम सुवासाच्या रूपाने भेटली, असे म्हणावयास हरकत नाही. कस्तुरीचा सुगंध ज्या द्रव्यामुळे येतो त्याची रचना १९२६ साली लिओपोल्ड रुझिच्का या रसायनशास्त्रज्ञाने उलगडली. पंधरा कार्बन अणूंचे ते एक मोठे कडे निघाले. एवढे मोठे कडे निसर्गात टिकूच शकणार नाही, असे त्यापूर्वी विद्वान मानीत होते.

सुवासाचा रेणू

कोणत्याही वस्तूचा वास येण्यासाठी पहिली अट अशी की, तिचे रेणू सुटे होऊन हवेत उडाले पाहिजेत. मीठ, साखर, दगड, शुद्ध लोखंड यांचे रेणू किंवा अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. ते हवेत जात नाहीत, म्हणून या वस्तूंना वास नाही. फुलांची अत्तरे, मसाल्यांची तेले, फळांचे अर्क यांतील रेणू हलके व चंचल असतात. भात शिजताना उष्णतेने ही चंचलता वाढते. म्हणून कोरड्या तांदळापेक्षा भाताच्या वाफेला अधिक वास असतो.

सुवासिक तांदळाच्या वासाचे मुख्य द्रव्य कोणते, याचा उलगडा १९८२-८३ साली झाला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील कृषी संशोधन केंद्रातील रॉन बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे बिएनव्हेनिदो जुलियानो यांच्या साहाय्याने, निरनिराळ्या तांदळांच्या वाफेचे पृथक्करण केले. त्यांना जे द्रव्य सापडले त्याचे नाव लांबलचक आहे : टू-ॲसिटिल-वन-पायरोलीन. चार कार्बन व एक नायट्रोजन यांचे पाच कोनी कडे आणि त्याला चिकटलेली दोन कार्बनांची एक लहानशी शेपटी, एवढाच त्याचा पसारा. सहा कार्बन, नऊ हायड्रोजन, एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन : अवघे सतरा अणू.

या द्रव्याचे प्रमाण ऐकून मन थक्क होते. सुवासिक तांदळातही ते दहा लाख भागांत ०.०९ भागापर्यंतच आढळले. म्हणजे एक किलो तांदळात एका मिलिग्रॅमचा दहावा हिस्सासुद्धा नाही. साध्या तांदळातही ते असते, पण त्याच्याही दहाव्या हिश्श्याएवढे. तरीही आपले नाक ते ओळखते, कारण एक ग्रॅम द्रव्य एक कोटी लिटर पाण्यात कालविले तरी त्याचा वास माणसाला जाणवू शकतो. सुगरण भाताच्या वाफेवरून तांदळाची जात सांगते तेव्हा ती एका अतिसूक्ष्म रासायनिक परीक्षेत उत्तीर्ण होत असते.

आंबेमोहराचा संपूर्ण परिमळ या एकाच द्रव्याचा नव्हे. त्याच्या जोडीला इतर अनेक बाष्पशील द्रव्ये असतात आणि त्यांच्या प्रमाणावरून बासमतीचा वास वेगळा, आंबेमोहराचा वेगळा ठरतो. पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील संशोधकांनी आपल्याकडील सुवासिक तांदळांची अशी तपासणी केली आहे आणि आंबेमोहर हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता. परंतु या सर्व मेळ्यात म्होरक्या हाच पाच कोनी रेणू.

त्याचे गणगोतही मोठे विलक्षण आहे. ज्या लांब हिरव्या पानाला कोणी अन्नपूर्णेचे तर कोणी आंबेमोहराचे पान म्हणतात आणि साध्या भातात घालून त्याला सुवास आणतात, त्या पानात हे द्रव्य सुवासिक तांदळाच्या सुमारे दहा पट असते. म्हणजे ज्या गृहिणीने त्या पानाला तांदळाचे नाव दिले तिचे नाक प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी त्या निष्कर्षाला पोहोचले होते. १९९० साली कोलकात्याचे प्राध्यापक रतनलाल ब्रह्मचारी व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, वाघ आपली हद्द आखण्यासाठी झाडाझुडपांवर जो फवारा सोडतो त्यातही हाच रेणू आहे. अरण्यात सुवासिक भात शिजल्याचा भास होतो, तो यामुळे. आणि जर्मन संशोधकांनी १९८० च्या दशकात गव्हाच्या पावाच्या खरपूस कडेचा अभ्यास केला तेव्हा त्यांना तेथेही मुख्य सुवास याच द्रव्याचा आढळला. पाव भाजताना पिठातील प्रोलीन नावाचे अमिनो आम्ल आणि साखर यांच्या संयोगाने ते भट्टीत तयार होते. भाताचे रोप तेच द्रव्य भट्टीवाचून, आपल्या पेशींत, पावसाच्या गारव्यात तयार करते. भाताचे ताट आणि भाकरीची टोपली या दोहोंवर जगातील बहुतेक माणसे जगतात. त्यांच्या वासात एक धागा समान असावा, ही गोष्ट प्रभूची प्रार्थना म्हणताना रोजची भाकर मागणाऱ्या आपणां सर्वांना विचार करावयास लावणारी आहे.

उणिवेतून सुगंध

तांदळाला सुवास का येतो, याचे आनुवंशिक कारण २००५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शोधले. भाताच्या आठव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. त्याच्या आज्ञेने जे विकर तयार होते, ते रोपातील एका मध्यंतरीच्या पदार्थाचे दुसऱ्या, वास नसलेल्या पदार्थात रूपांतर करून टाकते. बासमतीसारख्या अनेक सुवासिक जातींत या जनुकाच्या मजकुरातील आठ अक्षरे गळालेली आहेत. आठ अक्षरे गळाली म्हणून पुढचा मजकूर बिघडला. विकर निकामी झाले. मधला पदार्थ साचून राहिला आणि त्यापासून तो सुवासिक रेणू तयार होऊ लागला. सुगंध ही एका उणिवेची देणगी आहे.

निसर्गाच्या हिशेबात ती उणीवच. पण एखाद्या शेतकऱ्याला त्या रोपाजवळून जाताना वेगळा वास आला, त्याने ती लोंबी वेगळी काढली, तिचे बी जपले आणि पुढील वर्षी पुन्हा पेरले. माणसाच्या नाकाने आणि हाताने त्या मोडक्या जनुकाला आश्रय दिला. संत मार्काच्या शुभवर्तमानात बेथानीच्या प्रसंगाची एक खूण आहे : त्या स्त्रीने सुगंधाची कुपी फोडली. कुपी अभंग राहिली असती तर तेल सुरक्षित राहिले असते, पण घर सुगंधाने भरले नसते. विज्ञानाचा सिद्धांत आणि शुभवर्तमानाचा प्रसंग यांची गल्लत करणे योग्य नव्हे. दृष्टांत म्हणून मात्र दोन्ही शेजारी ठेवावेत असे वाटते.

नाकातील कुलुपे

आता वाफ नाकात शिरते. नाकाच्या पोकळीत अगदी वर, दोन्ही बाजूंना, टपाल तिकिटाएवढी एक पातळ त्वचा आहे. तिच्यात लक्षावधी मज्जापेशी असतात आणि प्रत्येक पेशीच्या टोकाला बारीक केसांसारखे तंतू नाकातील ओलसर द्रवात लोंबत असतात. गंधाचा रेणू त्या द्रवात विरघळतो आणि तंतूंवर असलेल्या ग्राहक प्रथिनांना भेटतो. या भेटीचे स्वरूप काय, हा दीर्घकाळ वादाचा विषय होता.

१९५२ साली जॉन ॲमूर या तरुण इंग्रज संशोधकाने असे सुचविले की, रेणूच्या आकाराप्रमाणे नाकात खोबणी असतात. किल्ली कुलपात बसावी तसा रेणू खोबणीत बसतो आणि वास कळतो. त्याने कापूर, कस्तुरी, फुले, पुदिना इत्यादी सात मूलभूत वास कल्पिले. ही यादी पुढे टिकली नाही. कल्पनेतील मर्म टिकले. दुसऱ्या काही शास्त्रज्ञांचे मत असे की, नाक रेणूचा आकार पाहत नाही, तर त्याची कंपने ओळखते. या वादात कार्वोन या द्रव्याचा दाखला नेहमी दिला जातो. त्याचे दोन प्रकार आहेत. डावा आणि उजवा हात असावेत तसे, एकमेकांची आरशातील प्रतिमा. अणू तेच, बंध तेच. परंतु एकाला पुदिन्याचा वास येतो, तर दुसऱ्याला शहाजिऱ्याच्या जातीच्या बियांचा. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसू नये, तसेच हे. रेणूची ठेवण नाकाला कळते, हे यावरून स्पष्ट झाले.

खरा दरवाजा उघडला तो १९९१ साली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी उंदराच्या नाकातील पेशींतून ग्राहक प्रथिने घडविणाऱ्या जनुकांचे एक प्रचंड कुटुंब शोधून काढले. उंदरामध्ये अशी सुमारे एक हजार जनुके आहेत. माणसामध्ये कार्यक्षम अशी सुमारे चारशे. रंग ओळखण्यासाठी डोळ्यात तीन प्रकारची ग्राहके पुरतात, गंधासाठी शरीराने चारशे राखली आहेत, यावरूनच या इंद्रियाची प्रतिष्ठा ध्यानात यावी. या शोधाबद्दल दोघांना २००४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रत्येक मज्जापेशीवर सर्वसाधारणतः एकाच जातीचे ग्राहक असते. हे प्रथिन पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर ओवलेले असते. रेणू त्याच्या कुशीत बसला की ते किंचित वाकते. त्यामुळे आतील दुसरे प्रथिन जागे होते. त्याच्या आज्ञेने एक निरोप्या रेणू भराभर तयार होतो. पेशीची दारे उघडतात, विद्युत्‌भारित कण आत धावतात आणि सूक्ष्म विजेची लहर मेंदूकडे निघते. हे सारे एका श्वासात. १९९९ साली बक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, एक रेणू अनेक ग्राहकांना स्पर्श करतो आणि एक ग्राहक अनेक रेणूंना ओळखते. म्हणजे गंध ही बाराखडीतील अक्षरांसारखी व्यवस्था आहे. अक्षरे चारशे, त्यांच्या जुळणीतून शब्द अगणित. आंबेमोहर हा असाच एक शब्द होय.

माणसाचे गंधग्राहक आपल्या रेणूला धरून बसलेले प्रत्यक्ष कसे दिसते, हे तर २०२३ साली प्रथमच पाहता आले. सॅन फ्रान्सिस्को येथील आशिष मांगलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने अशा एका प्रथिनाचे चित्र मिळविले. ॲमूरने कल्पिलेली खोबण सत्तर वर्षांनी दृष्टीस पडली.

नाकापासून मेंदूकडे जाणारा गंधाचा मार्गही निराळा आहे. इतर इंद्रियांचे संदेश मेंदूच्या मध्यवर्ती देवडीवर थांबून पुढे जातात. गंधाचे संदेश त्या देवडीवर न थांबता भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांशेजारी जाऊन पोहोचतात. म्हणूनच एखाद्या वासाने नाव आठवण्यापूर्वी डोळ्यांत पाणी येते. उदाचा धूर नाकात गेला की, शब्द ऐकू येण्याआधीच मन मंदिरात शिरते. भाविकांच्या या अनुभवाला शरीरशास्त्राचा असा आधार आहे.

२०२० साली कोरोनाच्या साथीत असंख्य लोकांची ही शक्ती एकाएकी हरपली. विषाणूने प्रामुख्याने गंधाच्या मज्जापेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला केला होता. शेजार ढासळला म्हणून मज्जापेशी निकामी झाल्या. या मज्जापेशी आयुष्यभर पुन्हा पुन्हा नव्याने जन्मतात, म्हणून बहुतेकांना वास परत मिळाला. काहींना मात्र तो दीर्घकाळ मिळाला नाही. ज्यांनी तो अनुभव घेतला त्यांना अन्न बेचव होणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. आपण ज्याला चव म्हणतो तिचा फार मोठा भाग घशामागून नाकाकडे चढणारा गंधच असतो.

खाचरे आणि पाणी

इतके कळल्यावर पुन्हा मुळशीला आले पाहिजे. कारण सुगंध रेणूंचा असला तरी रेणू घडविणारे रोप मातीत उभे असते, आणि माती कोणाच्या तरी हातची असते.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांच्या कंपनीने मुळा-नीलेच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस भिरा येथे उतरविण्याची योजना आखली. सुमारे पन्नास गावे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागी ठाण मांडून सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ हे नाव दिले. ‘जान किंवा जमीन’ ही त्या आंदोलनाची घोषणा होती. पुष्कळशा जमिनींवर पुण्याच्या सावकारांचे हक्क चढलेले होते. त्यांना नुकसानभरपाईची रक्कम पुरेशी वाटली. जे प्रत्यक्ष चिखलात उभे राहून लावणी करीत होते त्यांना ती पुरेशी वाटली नाही. १९२४ अखेर लढा मोडला, बापटांना दीर्घ कारावास झाला, आणि १९२७ च्या सुमारास भिऱ्याची वीज मुंबईकडे वाहू लागली. धरणविरोधी लढ्यांच्या जगाच्या इतिहासात मुळशीचे नाव अगदी आरंभी घेतले जाते.

त्या विजेने गिरण्या चालल्या, हजारो कोकणी व घाटी कामगारांच्या चुली पेटल्या, हेही खरे. इतिहास एका रंगाचा नसतो. पण भरपाईच्या हिशेबात एकरांची आणि रुपयांची नोंद होती. एखाद्या खोऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या निवडून, जपून घडविलेल्या सुवासाचे खाते त्या वहीत नव्हते. असे खाते कोणत्याच वहीत नसते, हीच अडचण आहे.

पाण्यातून जे वाचले त्याला पुढे दुसरी ओहोटी लागली. आंबेमोहर उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो, उशिरा पिकतो आणि उतारा कमी देतो. १९८७ साली राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मावळात ‘इंद्रायणी’ ही जात प्रसारित केली. आंबेमोहर-१५७ आणि बुटका, भरघोस उताऱ्याचा आयआर-८ यांचा हा संकर. शेतकऱ्याच्या पदरात त्याने चार पैसे अधिक टाकले. त्याला दोष देता येणार नाही. आईचा थोडा सुवास लेकीत उतरला आहे. पण लेक आली म्हणून आईला घराबाहेर काढावे काय? दुकानांत आंबेमोहर म्हणून मिळणारा पुष्कळसा तांदूळ आज परप्रांतातील, दिसायला सारख्या अशा दुसऱ्याच जातींचा असतो. त्यातच मुळशी तालुक्यात हिंजवडीची संगणकनगरी उभी राहिली, लवासासारखी डोंगरातील वसाहत आली, खाचरांचे भूखंड झाले. २०१६ साली मुळशी-मावळच्या आंबेमोहराला भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली. कायद्याने नावाचे रक्षण केले. बियाण्याचे रक्षण कागद करीत नाही; ते पेरणाऱ्या आणि मागणाऱ्या माणसांच्या हाती आहे.

कोणी म्हणेल, रेणू आता ठाऊक आहे. तो प्रयोगशाळेत करताही येतो. साध्या तांदळावर शिंपडला की काम झाले. तसे होत नाही. एकट्या रेणूने एक अक्षर लिहिले जाते, शब्द पुरा होत नाही. शिवाय हा रेणू मोठा नाजूक आहे. साठवणीतही तो उडून जातो. सुवासिक भातावरील प्रयोगांतून असेही दिसले आहे की, दाणा भरताना हवा थंड असेल तर सुवास अधिक उतरतो. डोंगराचा गारवा, उशिराचा हंगाम, जपलेले बी आणि ओळखणारे नाक, ही चारही एकत्र असतील तेव्हाच आंबेमोहर हा आंबेमोहर.

आपल्या अनेक धर्मग्रामांत पावसाळा सरताना नव्या भाताच्या लोंब्या वेदीपुढे आणल्या जातात. मुंबई-साष्टीच्या ईस्ट इंडियन बांधवांचा आगेराचा सण हा त्यासाठीच. धर्मगुरू त्या लोंब्यांना आशीर्वाद देतात आणि घरोघर त्या मानाने नेल्या जातात. जे आपण देवाला अर्पण करतो ते टिकविण्याची जबाबदारीही आपण स्वीकारतो, असा त्या विधीचा अर्थ मला वाटतो. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ताचा परिमळ होऊन जगावे, असे संत पौलाने करिंथकरांना लिहिले. परिमळ होणे म्हणजे काय, ते आता आपल्याला थोडे अधिक नेमकेपणाने कळते : आपल्यातील काहीतरी सुटून दुसऱ्याच्या श्वासात जावे लागते. स्वतःला घट्ट धरून बसणाऱ्या दगडाला वास नसतो.

मुळशीच्या एखाद्या शेतकऱ्याने यंदाही दोन-चार खाचरांत जुने बी टाकले असेल. त्याच्याकडून अडीच-तीन किलो तांदूळ चार पैसे अधिक देऊन घ्यावा, झाकण ठेवून शिजवावा आणि मुलांना जवळ बोलावून झाकण काढावे. ज्या पिढीने हा वास कधी घेतला नाही ती पिढी तो जपणार नाही; आणि त्यासाठी रेणूचे लांबलचक नाव पाठ करण्याची गरज नाही. त्या अनामिक कुणब्याने दिलेले नाव पुरेसे आहे.